आधी ‘जेवलास का?’, मग बाकीचं

कल्याण जंक्शनचा नकाशा नीट पाहिला की एक गोष्ट लक्षात येते. कसारा घाटातून उतरणारी उत्तरेची लाइन आणि कर्जतकडून येणारी पुण्याची लाइन इथे एकमेकींना मिळतात. बिहारमधून निघालेलं असो, खानदेशातून असो की सोलापूरकडून, मध्य रेल्वेने मुंबईला निघालेलं पोर मुंबई पाहण्याआधी बहुधा कल्याण पाहतं. घर सोडून पळालेली काही मुलं इथेच उतरतात. कुणाला भूक लागलेली असते, कुणाला टीसीने उतरवलेलं असतं, कुणाला तेच मुंबई वाटतं. मग फलाटावर कुणीतरी त्यांना हटकतं आणि प्रश्न सुरू होतात. नाव काय? कुठून आलास? का पळालास? बापाचा नंबर सांग.

मुलगा खोटं नाव सांगतो. गावही खोटं सांगतो. बाप मेला म्हणतो. पुढे बाप जिवंत निघाला की फायलीत आणि लोकांच्या मनात त्याची नोंद होऊन जाते : पोरगा खोटारडा आहे, नग आहे.

मला हे खोटं फार शहाणपणाचं वाटतं. ज्याला मोठ्या माणसांनीच मारलं, उपाशी ठेवलं किंवा नको तिथे हात लावला, त्याने अनोळखी मोठ्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत खरं नाव का सांगावं? तो समोरच्याला जोखत असतो. हा मला परत तिथेच पाठवणार का? याचा आवाज कधी चढतो? याच्या हातात काठी आहे का? त्याला जोखायला वेळ आणि आधार देणारा प्रश्न एकच आहे : जेवलास का? नाव-गाव त्यानंतर विचारता येतं, आणि तेव्हाच ते खरं मिळण्याची शक्यता असते.

जगभर ज्याला ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर’ म्हणतात, म्हणजे समोरच्या माणसावर आघात झालेला असू शकतो हे गृहीत धरून त्याच्याशी वागणं, त्याचा गाभा मला या क्रमात दिसतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात दुखावलेल्या मुलांबद्दल कळवळा कमी नाही. संताप तर मुळीच कमी नाही. समुपदेशकही आता गावोगावच्या मानाने बरे मिळतात. पण क्रम चुकतो. सुधारणा आधी मागितली जाते आणि सुरक्षितता नंतर दिली जाते, तीही मुलगा सुधारला तर. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा केल्याशिवाय समुपदेशनाचे तास, योजना, कायदे आणि सदिच्छा मुलापर्यंत पोचतच नाहीत.

अशी मुलं ‘तिकडची’, म्हणजे स्टेशनवरची, वस्तीतली, असं डोंबिवलीतल्या सोसायटीत राहणाऱ्यांना वाटत असेल, तर त्यांनी अमेरिकेतल्या सॅन दिएगोची गोष्ट ऐकावी. डॉ. व्हिन्सेंट फेलिटी तिथे स्थूल माणसांचं वजन उतरवण्याचा एक कार्यक्रम चालवत. ज्यांचं वजन झपाट्याने उतरत होतं, नेमके तेच लोक मध्येच यायचे बंद होत. कारण शोधायला त्यांनी रुग्णांशी सविस्तर बोलायला सुरुवात केली, तेव्हा त्यांतल्या अनेकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं पुढे आलं. वजन हे काहींसाठी चिलखत होतं आणि ते उतरू लागल्यावर त्यांना उघडं पडल्यासारखं वाटत होतं. पुढे संशोधक रॉबर्ट अँडा यांच्यासोबत त्यांनी मोठी पाहणी केली. तिचे पहिले निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि एकूण १७ हजारांहून अधिक लोक तिच्यात सहभागी झाले. हे लोक विमा असलेले, बहुतेक शिकलेसवरलेले, मध्यमवर्गीय होते. तरी सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी बालपणातला मारहाण, अत्याचार, हेळसांड, घरातलं व्यसन, हिंसा यांपैकी एक तरी अनुभव नोंदवला. असे चार किंवा अधिक अनुभव असलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचं प्रमाण कितीतरी पट जास्त होतं. हे आकडे समूहाचे आहेत. एखाद्या मुलाचे असे अनुभव मोजून त्याच्या कपाळी भविष्य लिहिण्यासाठी ते नाहीत, आणि कुणी तसा वापर करत असेल तर त्याला तिथेच थांबवलं पाहिजे. पण घराच्या बंद दाराआड काय चालतं याचा अंदाज घराच्या क्षेत्रफळावरून बांधता येत नाही, एवढं त्यांतून नक्की कळतं.

कल्याण पूर्वेत एका अभ्यासिकेत मी काही काळ संध्याकाळी शिकवायला जात असे. तिथे एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा येई. नाश्त्याला पाव-भाजी किंवा पाव-मिसळ असली की तो भाजी खाऊन टाकी आणि पाव शर्टाच्या खिशात कोंबी. पँटच्या खिशातही एखादा असे. दोन दिवसांनी ते पाव दप्तरात बुरशी आलेले सापडत. बसायची जागा त्याने ठरवून टाकली होती : पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. कुणी गमतीत टेबलावर पट्टी आपटली की बाकीची मुलं हसत आणि याचे हात डोक्यावर जात. एका स्वयंसेवकाने त्याला पावचोर म्हणायला सुरुवात केली, आणि त्या स्वयंसेवकाला पटवून देण्यासारखं माझ्यापाशीही तेव्हा काही नव्हतं.

अभ्यासिका चालवणाऱ्या ताईंनी त्याला काहीच विचारलं नाही. त्यांनी खिडकीशी बिस्किटांचा एक डबा आणून ठेवला आणि त्याला एकदाच सांगितलं, “हा डबा बंद नसतो. घ्यायला विचारावं लागत नाही.” त्याने पहिल्याच संध्याकाळी डबा रिकामा केला. ताईंनी दुसऱ्या दिवशी तो भरला. त्याने पुन्हा रिकामा केला, ताईंनी पुन्हा भरला. त्यांनी यावर कधी एक शब्दही काढला नाही. आम्हा बाकीच्यांना हे लाड वाटत होते आणि आम्ही ते बोलूनही दाखवलं. हळूहळू डब्यात बिस्किटं उरू लागली. मग एक दिवस तो लहान मुलांना रांगेत उभं करून बिस्किटं वाटताना दिसला. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, वह्यांना कव्हर घालताना, त्याने आपण होऊन सांगितलं की गाव सोडल्यावर तो एका ओळखीच्याच्या हॉटेलात भांडी घासायचा आणि कप फुटला की रात्रीचं जेवण बंद व्हायचं. त्याचं गणित पुढेही कच्चंच राहिलं. मारामाऱ्याही पूर्ण थांबल्या नाहीत. पाव मात्र पुन्हा खिशात गेले नाहीत.

त्या डब्याने काय केलं? मुलाला ‘तू आता सुरक्षित आहेस’ हे कुणी तोंडाने सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि पाव खिशात घातला असता. सततच्या भीतीत वाढलेल्या मुलाचं शरीर धोक्यासाठी कायम सज्ज असतं. छाती धडधडते, झोप सावध असते, आवाज मोठा झाला की विचार करण्याआधी हात उठतात किंवा पाय पळतात. काही मुलं उलट गोठून जातात आणि आपण त्यांना निर्ढावलेली म्हणतो. हे शरीर शब्दांवर विश्वास ठेवत नाही. ते पुरावा मागतं, आणि पुरावा म्हणजे तीच चांगली गोष्ट पुन्हा पुन्हा, न चुकता, अट न घालता घडणं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले. पहिला सुरक्षिततेचा, दुसरा घडलेलं आठवून त्याचा शोक करण्याचा, तिसरा माणसांत परत येण्याचा. पुढे अनेकांनी त्यात भर घातली, वादही घातले. पण सुरक्षितता आधी, हे आजही अनेक उपचारक मानतात.

इथे मला आपल्याच वैचारिक घरातल्या एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे. मराठी सुशिक्षित समाजाला मनाच्या आरोग्याची गोडी लावण्यात ठाण्याचा वाटा मोठा आहे. एके काळी ठाणं म्हणजे १९०१ पासूनचं मनोरुग्णालय, एवढीच या गावाची मनाशी जोडलेली ओळख होती. ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य अजूनही घराघरांत चेष्टेत उच्चारलं जातं, आणि ते ऐकत वाढलेली मुलगी स्वतःला काही होत असलं तरी तोंड उघडत नाही. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच, सुरू केली आणि मानसोपचाराचा दरवाजा मध्यमवर्गाला सहज ढकलता येईल इतका हलका केला. या परंपरेचा वैचारिक कणा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार. तो मराठीत रुजवण्यासाठी कि. मो. फडके यांनी आयुष्य वेचलं, खुद्द एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला. त्याचं सूत्र आज अनेक मराठी वाचकांना पाठ असतं : घटना आपल्याला दुःखी करत नाही, घटनेबद्दलचा आपला दृष्टिकोन करतो. परीक्षेतलं अपयश, प्रेमभंग, सासू-सुनेतली धुसफूस, नोकरीतला अपमान अशा किती ठिकाणी या सूत्राने माणसं उभी केली, याची गणती नाही. मी स्वतः त्याचा ऋणी आहे.

पण हेच सूत्र अर्धवट ऐकून घरी नेलं की काय होतं? नात्यातल्याच माणसाने दोन वर्षं छळलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला मावशी सांगते, “झालं ते झालं. त्याच्याकडे बघण्याची दृष्टी बदल.” मुलीला ऐकू येतं ते असं की चूक अजूनही तिच्यातच आहे, पूर्वी वागण्यात होती, आता विचारात आहे. जाणता विवेकनिष्ठ उपचारक असं कधीच बोलणार नाही. तो घटनेला घटना म्हणेल, अन्यायाला अन्याय म्हणेल, आणि विचारांशी वाद घालण्याआधी मुलीचा विश्वास मिळवेल. तेव्हा भांडण एलिस यांच्याशी नाही, क्रमाशी आहे. वाद घालायला विचार जागेवर असावा लागतो. ज्या मुलीला जिन्यावर पावलं वाजली की श्वास अडकतो, तिचा विचार त्या क्षणी जागेवर नसतो. आधी पावलांचा बंदोबस्त झाला पाहिजे. तो माणूस घरी येणार नाही, हे नक्की झालं पाहिजे. रात्री दाराला आतून कडी लागली पाहिजे. दृष्टिकोनाचं काम त्यानंतरचं, आणि ते करायला ठाण्याची परंपरा समर्थ आहे.

डोंबिवलीतल्या घरांबद्दल जरा तपशिलात बोललं पाहिजे, कारण सावरण्याचं मुख्य काम तिथेच होतं किंवा बिघडतं. आई-वडील दोघेही सातच्या सुमारास घर सोडतात, लोकलला लोंबकळत जातात, रात्री आठ-नऊला थकून येतात. मुलीशी बोलायचा वेळ म्हणजे पोळ्या लाटताना. त्यात तिने काही सांगितलं तर पहिला धक्का आईलाच बसतो, आणि धक्क्यात माणूस प्रश्नच विचारतो. तू तिथे गेलीसच का? आधी का नाही बोललीस? आणखी कुणाला सांगितलंस का? आई वाईट नसते. पण हे तीन प्रश्न मुलगी आयुष्यभर विसरत नाही. त्यांच्या जागी बसतील अशी तीनच वाक्यं मी पालकांना पाठ करायला सांगतो : तू सांगितलंस ते बरं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. पुढे काय करायचं ते तुला विचारूनच करू. यातलं तिसरं वाक्य सर्वांत अवघड आहे. अत्याचारात मुलीच्या हातून सगळ्यात आधी निर्णय गेलेला असतो. नंतर काळजीपोटी आपणही तेच करतो : मोबाइल काढून घेतो, क्लास बंद करतो, परस्पर गावी मामाकडे पाठवून देतो. छोट्या छोट्या गोष्टींतला निर्णय तिला परत मिळणं, कुठे बसायचं, कुणाला किती सांगायचं, कुणी जवळ घेतलेलं चालेल की नाही, हा सावरण्याचाच भाग असतो.

आणि दहावी. आमच्याकडे कुठल्याही दुःखावर ‘आता बोर्डाकडे लक्ष दे’ हा उतारा असतो. काही मुलांना अभ्यासाचा खरोखर आधार होतो, हेही मी पाहिलं आहे. ठरलेली वेळ, ठरलेलं पुस्तक, मित्रमैत्रिणींची सोबत यांनी दिवसाला आकार येतो. पण तो आधार मुलाने धरलेला असावा, त्याच्या गळ्यात बांधलेला नसावा. वर्ष वाया गेलं तरी चालेल, असं मनापासून म्हणू शकणाऱ्या घरातली मुलं बरेचदा वर्ष वाया घालवत नाहीत.

इथे शिक्षकांचा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. एका वर्गात साठ मुलं. एकाने बेंच आपटला, दुसऱ्याचं डोकं फोडलं, तर ‘त्याच्यावर आघात झालाय’ म्हणून सोडून द्यायचं? बाकीच्या एकोणसाठांच्या सुरक्षिततेचं काय? माझं उत्तर असं की मर्यादा हवीच. आघात झालेल्या मुलाला तर ती इतरांहून जास्त हवी असते, कारण तो जिथून आला तिथे नियम मोठ्यांच्या लहरीवर बदलत होते. काल हसण्यावारी नेलेल्या गोष्टीवर आज पट्टा निघत होता. त्याला आजचा नियम उद्याही तोच असल्याची खात्री हवी असते. फरक शिक्षेच्या जातीत आहे. खिडकीची काच फोडली तर नवी काच बसवताना शिपाईकाकांच्या हाताखाली उभं राहणं, ही भरपाई आहे. प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेपुढे उभं करून ‘हा बघा’ म्हणणं ही बेअब्रू आहे. पहिलीतून मूल जबाबदारी शिकतं. दुसरीतून ते एवढंच शिकतं की मोठी माणसं सगळी सारखीच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. छडी बऱ्याच अंशी गेली, दुसऱ्या भागाकडे मात्र आम्ही अजून गंभीरपणे पाहिलेलं नाही.

दुसरा आक्षेपही ऐकू येतो : हल्ली ऊठसूट सगळ्यालाच ट्रॉमा म्हणतात. खरं आहे. वायफाय बंद पडलं तरी तो शब्द ऐकू येतो, आणि त्याने ज्यांचं खरंच सगळं उद्ध्वस्त झालं त्यांच्या दुःखाचा भाव उतरतो. पण मी म्हणतो त्या वागणुकीला निदानाची गरजच नाही. दवाखान्यात प्रत्येक रुग्णासाठी नवी सुई वापरतात, कुणाला कोणता आजार आहे हे शोधत बसत नाहीत. तसंच हे आहे. मुलाला हात लावण्याआधी विचारणं, त्याची हकिकत चारचौघांत न उगाळणं, पुढे काय होणार हे आधी सांगणं, दिलेला शब्द पाळणं, यांनी आघात न झालेल्या मुलाचं काहीच बिघडत नाही.

आता जिथे संतापाचा प्रश्न येतो तिथे येतो. सप्टेंबर २०२१ मध्ये डोंबिवलीतल्या पंधरा वर्षांच्या मुलीवर महिनोन्‌महिने झालेला सामूहिक अत्याचार उघड झाला. आरोपींची संख्या तेहतीस होती. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाले. तक्रार नोंदवायला पालकांना तासन्‌तास ताटकळावं लागलं, आणि २० ऑगस्टला लोकांनी रुळांवर उतरून लोकल बंद पाडल्या. त्या दिवशी रुळांवर बसलेल्या आयांचा राग मला पूर्णपणे समजतो. तो राग नसता तर यंत्रणा हललीच नसती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, पोलिसांना खडे बोल सुनावले. पण पुढे सुमारे महिन्याभराने आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि सगळी चर्चा चकमकीकडे, चकमकीकडून राजकारणाकडे गेली. अशा प्रत्येक प्रकरणात गर्दी पांगल्यावर एक मूल उरतं. त्याला रात्री अंथरूण ओलं होण्याची लाज वाटते, शाळेच्या गणवेशाची भीती वाटते, आणि शेजारी कुजबुजले की आपलंच काही चुकलं असं वाटतं. या मुलासाठी रुळांवर कुणी बसत नाही, आणि बसून उपयोगही नाही. त्याला हवं असतं ते एक ठरावीक माणूस, जे दर आठवड्याला येतं आणि येत राहतं.

कायद्याने हे केव्हाच ओळखलं आहे. लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणारा २०१२ चा पोक्सो कायदा मी पुन्हा वाचला तेव्हा मला त्यात एका शहाण्या आजीचा आवाज ऐकू आला. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्या. शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा आणि तिने गणवेश घालू नये. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवू नका. न्यायालयात वकिलाने थेट प्रश्न विचारू नयेत, न्यायाधीशांमार्फत विचारावेत. मुलाला मध्ये मध्ये विश्रांती द्या, त्याच्या विश्वासातलं माणूस जवळ बसू द्या, पुन्हा पुन्हा साक्षीला बोलावू नका, आरोपी समोर येऊ देऊ नका. मुलाची साक्ष न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवा. २०२० च्या नियमांनी तर बालकल्याण समितीने मुलाला एक साहाय्यक व्यक्ती, म्हणजे सपोर्ट पर्सन, द्यावी असं सांगितलं आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर पुन्हा बोट ठेवलं. महाराष्ट्रात २०१३ पासून पीडितांना अर्थसाहाय्य देणारी मनोधैर्य योजनाही आहे. कागदावर आपण मागे नाही. पण कल्याणच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात आपली पाळी येईपर्यंत थांबणाऱ्या मुलीकडे त्याच व्हरांड्यात आरोपीचे नातेवाईक टक लावून बघत असतील, तर आत आरोपी दिसू नये म्हणून लावलेल्या पडद्याचा उपयोग अर्धाच होतो. तिची बसायची खोली वेगळी हवी. तिला आदल्या आठवड्यात रिकामं न्यायदालन दाखवायला हवं, कोण कुठे बसतं ते सांगायला हवं. तारीख पुढे ढकलली असेल तर ते तिला तिथे आल्यावर कळण्यापेक्षा आदल्या दिवशी फोनवर कळायला हवं. याला नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही.

याच कायद्यातली एक अडचण मात्र आपण लपवू नये. अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. समुपदेशकही त्यातून सुटत नाही. मुलगी जर ‘कुणाला सांगणार नाही ना?’ असं विचारून बोलायला सुरुवात करत असेल आणि आपण भाबडेपणाने ‘नाही सांगणार’ म्हणालो, तर दोन दिवसांनी दारात पोलीस उभे राहिल्यावर तिचा उरलासुरला विश्वासही संपतो. म्हणून तिने तोंड उघडण्याआधीच सांगावं : काही गोष्टी मला सांगाव्या लागतील, पण सांगण्याआधी तुला कळवेन आणि तेव्हा तुझ्यासोबत असेन. एवढं ऐकून ती त्या दिवशी गप्प बसली तर बसू द्यावं. घाई आपल्याला असते. धोका चालू नसेल तर तिच्या वेगाने जाता येतं.

पुन्हा पळालेल्या मुलांकडे येतो. विजय जाधव यांनी ठाण्यात उभी केलेली समतोल फाउंडेशन रेल्वे स्थानकांवर सापडणाऱ्या मुलांना घरी पोचवण्याचं काम करते. कल्याणजवळ मामणोलीला तिचं मनपरिवर्तन शिबिर भरतं. मुलाला पकडलं की लगेच गाडीत बसवून घरी पाठवण्याऐवजी काही काळ थांबवणं, ठरलेल्या वेळी उठणं, खेळणं, जेवणं, बोलणं, आणि मग घर गाठणं, ही कल्पना मला मोलाची वाटते. उघड्या रानात, इतर मुलांच्या सोबतीत, रोज तेच वेळापत्रक मिळाल्यावर मुलाचं शरीर निवायला लागतं. पण या क्षेत्रात काम करणाऱ्या सगळ्यांपुढे एक प्रश्न आहे, आणि तो मी आपुलकीने विचारतो. मूल घरी पोचलं म्हणजे काम झालं, असं आपण किती सहज धरतो! वर्तमानपत्रात आईच्या गळ्यात पडलेल्या मुलाचा फोटो येतो. पण ते पळालं कशापासून? बापाच्या दारूपासून, सावत्रपणापासून, मदरशातल्या किंवा वसतिगृहातल्या मारापासून, की नुसतं मुंबई बघायला? उत्तराप्रमाणे परतीचा अर्थ बदलतो. बाल न्याय कायदाही मुलाला कुटुंबात परत नेण्याचं तत्त्व सांगताना अट घालतो की ते त्याच्या हिताचं असावं. म्हणून मन मुलाचं वळवायचं की घराचं, हे आधी ठरलं पाहिजे. ज्या घरात काहीच बदललं नाही तिथून मूल पुन्हा पळालं, तर तो शिबिराचा पराभव नाही आणि मुलाचा कृतघ्नपणाही नाही. जे पहिल्यांदा ऐकलं गेलं नाही, ते मूल दुसऱ्यांदा सांगत असतं.

बालगृहातून मुली पळाल्याची बातमी येते तेव्हाही पहिली मागणी भिंत उंच करण्याची आणि सीसीटीव्ही वाढवण्याची होते. आत काय आहे, हे नंतर विचारलं जातं, किंवा विचारलंच जात नाही. आत बहुधा थकलेली गृहमाता असते. तीस-चाळीस मुली, त्यांतल्या काही रात्री किंचाळून उठणाऱ्या, एखादी हातावर ब्लेड ओढून घेणारी, आणि रात्रपाळीला ती एकटी. तिचा आवाज चढतो याचं मला नवल वाटत नाही. दुखावलेल्या मुलांच्या सतत सहवासात राहणाऱ्याच्या अंगातही ती भीती आणि तो राग भिनतो. तिला आठवड्यातून एकदा तरी आपल्या मनातलं ओतायला जागा, वेळेवर पगार आणि सोबतीला दुसरं माणूस मिळालं नाही, तर तिला कितीही कार्यशाळांना बसवून फरक पडणार नाही. पोलीस ठाण्यातल्या महिला शिपायाचं तेच आहे, कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात अशा मुलींची पहिली तपासणी करणाऱ्या परिचारिकेचंही तेच.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र फारसं कुणाच्या लक्षात येत नाही अशा ठिकाणी होतं. या कामातले बरेच लोक कंत्राटी असतात. अकरा महिन्यांचा करार, मग खंड, मग कदाचित नवा करार, नाही तर नवं माणूस. संस्थांचे प्रकल्प देणगीदाराच्या वर्षावर चालतात आणि मार्च संपला की संपतात. एखाद्या मुलाला पहिल्या चार महिन्यांत समुपदेशक ताईंकडे नुसतं बसायची सवय होते, पुढच्या चारांत तो चित्र काढायला लागतो, आणि तो काही बोलणार इतक्यात ताईंचा करार संपतो. एका सोमवारी तिथे वेगळ्याच मॅडम बसलेल्या असतात आणि फाइल उघडून विचारतात, “हां, काय झालं होतं तुला?” मोठी माणसं येतात आणि जातात, हा त्याचा जुना धडा त्याला नव्याने, सरकारी खर्चाने शिकवला जातो.

यावर मागणी करायची तर मी ती ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांकडे आणि जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे अशी करीन. समुपदेशकांची पदं कायम होईपर्यंत निदान करार मुलांच्या गरजेने आखा : दोन-तीन वर्षांचे, मध्ये खंड नसलेले. प्रत्येक मुलामागे एका माणसाचं नाव लिहा, आणि ते माणूस शाळेतले सर असोत, अभ्यासिकेतली ताई असो वा शेजारची काकू, त्याला मुलाला भेटायचा प्रवासखर्च द्या. मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ आणि मानसिक आरोग्याच्या टेलिमानस मदतवाहिनीचा १४४१६ हे क्रमांक शाळेच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, जिथे मूल एकटं असताना वाचू शकेल. कार्यालयाबाहेरच्या फलकासमोर उभं राहून कुणी ते उतरवून घेत नाही. आणि ज्या ताईंना जायचंच आहे त्यांना निरोपासाठी महिनाभर द्या. त्या मुलाला आधी सांगतील की मी जाणार आहे, तुझ्यामुळे नाही जात. मग काही आठवडे जुन्या ताई आणि नव्या ताई दोघी एकत्र बसतील, आणि फाइलमधलं किती नव्या ताईंना सांगायचं हे तो मुलगा ठरवेल.